नाग्या, तुझं सूप फिकंच होतं

नाग्या, तुझ्या मयताला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. बीडच्या एस.टी.तून उतरलेली, नेकनूरच्या पेठेतली दुकानं अर्धी ओढून आलेली, ज्यांना तू कधीकाळी एखादी घागर नाहीतर पोरीच्या लग्नातली भांडी विकली असशील अशी दहा खेड्यांतली. आपल्या लिंगायतांच्या रीतीने तुला बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, आणि तू गिऱ्हाइकाची वाट बघत दुकानात बसतोस तसाच दिसत होतास. सगळे रडत होते. मी तुझ्या डाव्या अंगाला उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आपल्या वेळेला एवढे येतील का. पन्नास वर्षांच्या दोस्ताला माती देताना माझ्या मनात हे आलं, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं ऐकायला मग तुला जड जाणार नाही.

मी तुझ्यावर जळत होतो. हा शब्द मी आजवर तोंडातून काढला नव्हता, आता काढला. शाळेत तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं कोंबडी चालून गेल्यासारखं, तेव्हापासून. गुरुजी फळ्यावर सुविचार लिहायला तुलाच उठवायचे. शाळेची सहल धर्मापुरीचं देऊळ बघायला गेली तेव्हा सगळ्या वर्गाने आपापले डबे सोडून तुझ्या आईच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि माझ्या डब्यातली भाकरी मी तशीच परत आणली. सायकल आधी तुला मिळाली. लग्न आधी तुझं झालं. पण ह्या सगळ्या बारक्यासारक्या गोष्टी. त्या येत होत्या, जात होत्या. संध्याकाळी तू समोरचं दुकान बंद करून माझ्या खानावळीत येऊन बसलास, "बश्या, च्या सांग बे" म्हणालास, की मी विसरून जायचो. जे विसरता आलं नाही ते तुझं सूप.

नाग्या, तू भांड्यांचा दुकानदार. मी तीस वर्षं स्टँडसमोर खानावळ चालवणारा माणूस. गावात स्वयंपाकावरून कुणाचं नाव निघालं तर माझं निघायला पाहिजे. एवढा साधा हिशेब होता आणि तो तू मोडलास.

सुमनवहिनींच्या तोंडात आणि घशात फोड यायला लागले ते चार वर्षांपूर्वी. बीडच्या डॉक्टरांनी तिखट बंद केलं. आपल्याकडे तिखट बंद म्हणजे जेवणच बंद. दूध-भाकरी, मऊ भात, वरणाचं पाणी. वहिनी दोन महिन्यांत वाळून गेल्या. मग दिवाळीला तुझी पोरगी रेणुका आली. ती पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, ह्याचाही तुला किती अभिमान. तिने आईला एक सूप करून घातलं. कांद्याचं. फ्रान्स देशातलं. भरपूर कांदा लोण्यात तासभर परतायचा, त्यात रस्सा ओतायचा, वर भाजलेला पाव आणि त्यावर चीज. मिरचीचा पत्ता नाही. वहिनींनी वाटी पुसून खाल्ली, आणि रेणुका परत गेल्यावर तू ते करायला लागलास.

तिकडे म्हणे त्यात हाडांचं पाणी आणि दारू घालतात. आपल्या लिंगायताच्या घरात दोन्ही चालायचं नाही. तू मला येऊन विचारलंस, "बश्या, हाडाच्या पाण्याच्या जागी काय घालू?" मी म्हणालो, अख्खा मसूर शिजव आणि वरचं पाणी घे, रंग येतो आणि अंगही येतं. हे मी तुला सांगितलं होतं, आठवतंय ना? तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांचा खेळ आहे. पुढे काय होणार हे कळलं असतं तर मसुराचंही सांगितलं नसतं.

तुझ्या दुकानाला सुट्टी असायची त्या दिवशी दुपारी तू मला आणि माझ्या बायकोला, कमलला, बोलावलंस. वहिनी पंख्याखाली खुर्चीत बसल्या होत्या. तू ओट्यापाशी, बनियनवर, कमरेला टॉवेल. चार स्टीलच्या वाट्या मांडलेल्या. तू माझ्या हातात वाटी दिलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलास. तसा तू सहावीत गणिताचा पेपर देऊन मास्तरांकडे बघत उभा राहायचास.

"खाऊन सांग बे. काय तरी कमी हाय. काय कमी हाय?"

मी एक चमचा घेतला आणि मला कळलं. दुसरा चमचा लागला नाही. गोड होतं, मऊ होतं, कांदा लोण्यासारखा झाला होता, पण त्याला बूड नव्हतं. खानावळीत आमची येसर मसाल्याची आमटी कशी होते? लोखंडी कढईत कांदा टाकायचा, तो तळाला चिकटू द्यायचा, चॉकलेटी खरवड धरली की पाण्याचा हबका मारायचा आणि उलथन्याने ती खरवडून त्याच आमटीत सोडायची. मसाला कितीही चांगला असू दे, चव त्या खरवडीत असते. मी ओट्याकडे बघितलं. तू कांदा परतला होतास त्या काळ्या, गुळगुळीत, नॉनस्टिकच्या भांड्यात. त्यात काही चिकटत नाही, असं सांगून तूच ती गावाला विकलीस. आयुष्यभर भांडी विकली नाग्या तू, आणि कुठल्या भांड्यात काय शिजवायचं ते तुला माहीत नव्हतं. माझी ती लोखंडी कढई तुझ्याच दुकानातली, तुझ्या वडिलांनी स्वतः वाजवून निवडून दिलेली. तशा दहा कढया तुझ्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या.

दोन शब्दांचं काम होतं. भांडं बदल.

मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "ठीक हाय."

त्या वेळी मी मुद्दाम गप्प बसलो असं म्हणता यायचं नाही. म्हटलं, नंतर सांगू, वहिनींसमोर कशाला. पण घरी येताना कमल पुढे पुढे चालत होती. एरवी ती माझ्या बरोबरीने चालते, म्हणून मला खटकलं. मी म्हणालो, "आवडलं न्हाई का सूप?"

"सूप कसं का असंना," ती म्हणाली. "भावजी घंटाभर चुलीपाशी हुबे व्हते. वैनीसाठी."

"मी रोज सहा घंटे हुबा असतो."

"तुमी गिऱ्हाइकासाठी असता."

तिने हे भांडायच्या सुरात म्हटलं नाही. रस्त्याने जाता जाता, पदर नीट करत म्हटलं. म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, की नाग्याला सांगायचं नाही. तुला वाटलं असेल मला कळलंच नाही. मला सगळं कळलं होतं, आणि मी चार वर्षं ते दाबून ठेवलं.

पुढे तुझ्या सूपाचं नाव गावात झालं. मास्तरलोक येऊन चाखून गेले, तलाठी आला, दवाखान्यातली नर्स आली. कुणाचं तोंड आलं, कुणाचं पोट बिघडलं, की नागनाथशेठकडे जा, ते फ्रेंच सूप करतात. तू सगळ्यांना हौसेने पाजायचास. शिरूर कासारहून कांदा मागवायला लागलास, आमच्या बाजारातला तुला पाणचट वाटायला लागला. माझ्याकडे रोज पोतंभर कांदा येतो आणि तू मला कांदा शिकवायला लागलास. तुझं माझं ते भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही.

"तू कांद्याला पळवतो बे," तू म्हणायचास. "त्याला जरा बसू दे की."

"मला साठ ताटं वाढायची असतात, नाग्या."

"मला एकच वाढायचं असतंय," तू म्हणायचास, आणि पुढच्या विषयाकडे वळायचास. मी मात्र दिवसभर तेच घोळवत बसायचो.

आणि मग एके दिवशी माझ्याच खानावळीत, माझ्याच बाकड्यावर बसून, बीडहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ते कांद्याचं सूप इथंच मिळतं का हो?" दुपारची गर्दी होती. सगळी ताटं भरलेली. मी मोठ्याने म्हणालो, "इथं माणसं जेवायला येतात. आजाऱ्याचं खाणं पाहिजे तर समोर जा." चार जण हसले. मलाही बरं वाटलं. सांगून टाकतो ना, त्या वेळी फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास. नेहमीच्या कोपऱ्यात बसलास, भाकरी-आमटी मागितलीस. अर्धी भाकरी झाल्यावर मान वर न करता म्हणालास, "बश्या, तू काल म्हणला ते सुमनला कळलं."

"काय म्हणल्या वैनी?"

"हसली."

"खरं?"

"न्हाई."

तू शेंगदाण्याची चटणी मागितलीस, मी वाढली, तू जेवून हात धुतलास. त्यावर तू परत कधी बोलला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी माफी मागितली असती. तू शिव्या दिल्या नाहीस आणि माझी माफी मागायची राहून गेली. हेही तुझं नेहमीचं, दुसऱ्याला लहान करायचं ते इतक्या सभ्यपणे, की तक्रार करायला जागा राहू नये. हे मी रागाने लिहितोय. राग आहेच.

ह्या चार वर्षांत तू तो प्रश्न किती वेळा विचारलास. महिन्यातून एखादी दुपार तुझ्याकडे वाटी हातात यायचीच. "आज कसं हाय? काय कमी हाय बे?" कधी म्हणालो मीठ. कधी म्हणालो लोणी घरचं घाल. एकदा म्हणालो जायफळ लाव, आणि तू खरंच जायफळ लावलंस आणि ते सूप श्रीखंडासारखं लागलं. वहिनी तेव्हा पोटभर हसल्या. माझ्यावर विश्वास ठेवून तू चार वर्षं नको नको ते घालत राहिलास, असं मला वाटायचं, आणि त्यात मला थोडी मजाही यायची. मग घरी आल्यावर मजा उतरायची. मी एवढा हलकट कसा, असं वाटायचं. पुढच्या वेळी सांगू म्हणायचो.

शेवटचं तू विचारलंस ते जायच्या आठ दिवस आधी. खानावळीच्या पायरीवर उभा होतास, हातात दुकानाच्या किल्ल्या. म्हणालास, "बश्या, आता तरी सांग. काय कमी हाय त्यात?" त्या दिवशी का कोण जाणे, माझ्या तोंडात आलं होतं. "नाग्या, तुझं ते भांडं..." इथपर्यंत मी बोललोही. तेवढ्यात बीडची गाडी लागली, माणसं आत शिरली आणि मी "बस, येतोच" म्हणून आत पळालो. बाहेर आलो तेव्हा तू गेला होतास. आठ दिवसांनी तू दुकानात वरच्या फळीवरची पातेली काढताना खाली बसलास तो उठलाच नाहीस.

तुझ्या घरी तिथून पुढे माझ्याच खानावळीतून डबे जात होते. दुःखाच्या घरी चूल पेटवू नये म्हणून मीच सगळं अंगावर घेतलं. अकराव्या दिवशी तुझ्या गणाराधनेच्या पंगतीचा स्वयंपाकही मी केला. तुझ्या मातीला आली होती त्याहून जास्त माणसं जेवली. येसर आमटी अशी जमली होती म्हणून सांगू, पंगतीतला एक म्हातारा भुरका मारून म्हणाला, "बसवराज, लई दिसांनी अशी आमटी खाल्ली." आणि मी वाढपी बाजूला सारून त्याच्यापाशी थांबलो, आणखी काही म्हणतो का ऐकायला. तुझ्या गणाराधनेत, नाग्या. तुझा फोटो समोर होता.

संध्याकाळी भांडी आवरताना कमल म्हणाली, "वैनी जेवल्या न्हाईत."

"आज कुणाला जेवण जाणार?"

"आज न्हाई. अकरा दिस झाले. तुमी डबे धाडता, त्या झाकण काढून बघत्यात आन् पुन्ना लावत्यात. दुधात भाकरी कुस्करून खात्यात. तुमचं ते लालभडक कसं खातील त्या?"

अकरा दिवस मी त्या बाईला तिखट आमटी पाठवत होतो. चार वर्षं जिला तिखट चालत नाही हे गावाला ठाऊक, तिला. रेणुका घरात आहे तर तिने आईपुरतं काहीतरी शिजवलं असेल असं मी धरून चाललो होतो. ती बिचारी आल्यागेल्यांत बुडालेली. पुढचे चार दिवस मात्र तिनेच आईचं जेवण बघितलं. परवा ती पुण्याला गेली आणि काल सकाळी मी माझी लोखंडी कढई पिशवीत घालून तुझ्या घरी गेलो.

मी कशासाठी गेलो होतो हे तुला खरं सांगतो. वहिनींना जेवू घालायला गेलो होतो, हे आहेच. पण कढई घेऊन निघालो तेव्हा मनात दुसरं होतं. मला ते सूप एकदा बरोबर करायचं होतं. तुझ्या ओट्यावर, तुझ्या बायकोसमोर. तू चार वर्षं शोधत होतास ते काय होतं, हे दाखवायचं होतं. आणि मग सांगायचं होतं, वहिनी, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी त्याला सांगितलं नाही, माझं चुकलं. माफी मागायची होती, आणि जिंकायचंही होतं. दोन्ही एकाच कढईत.

मी आठ कांदे उभे चिरले. लोणी वितळलं, कांदा पडला, तळाला धरायला लागला, मी धरू दिला. पाण्याचा हबका, उलथनं, खरवड सुटली, रंग गुळासारखा झाला. परत धरू दिला. परत खरवडला. कमल दाराशी उभी होती, तिने नाकाने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मसुराचं पाणी घातलं. तव्यावर पाव लोण्यात भाजले, वर चीज किसून झाकण ठेवलं. वाटीत वाढलं तेव्हा मला स्वतःला कळत होतं, की असं सूप ह्या घरात आजवर झालेलं नाही.

वहिनींनी फुंकर घालून एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाटी मांडीवर ठेवली.

"लई भारी झालंय, भावजी," त्या म्हणाल्या.

मी थांबलो.

"पण मला न्हाई जायचं. आतनं झोंबतंय." त्यांनी पाण्याचा पेला घेतला. "ही खरवड मला सोसत न्हाई. ह्यांनीबी पयल्यांदा लोखंडी कढईतच केलतं. रेणी शिकवून गेली तवा. रेणीनं काय धरू दिलं नव्हतं, ह्यांनी धरू दिलं. असाच वास सुटलता घरभर. मी दोन चमचे खाल्ले आन् दोन दिस तोंड उघडता येईना. मग त्यांनी दुकानातनं ते काळं भांडं आणलं. त्यात काय धरत न्हाई. त्यातलं मला जातंय."

मी त्यांच्या मांडीवरची वाटी उचलून घेतली. विचारलं, "मग मला कावून इचारायचा तो, काय कमी हाय म्हणून?"

वहिनी हसल्या. तू गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या असतील. "तुमाला कळलंय, हे त्यांना पयल्या दिसापासून ठावं व्हतं. घरी आले की म्हणायचे, बश्याच्या पोटात हाय पण ओठावर येत न्हाई. बघू कवर दम काढतो."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. जायफळ लावलं त्या दिवशी तर मला म्हणले, आता सांगंल, आता सांगंल. तुमी गेल्यावर लई हसले."

मला तुझा इतका राग आला नाग्या, की तू समोर असतास तर गचांडी धरली असती. म्हणजे मी तुला फसवत होतो ती चार वर्षं तू माझी मजा बघत होतास. मी मोठं गुपित म्हणून जे दाबून ठेवलं, त्यासाठी स्वतःला हलकट म्हणत राहिलो, ते तुला आधीपासून माहीत होतं आणि ते कुणाला नकोच होतं. मला माफी मागायची होती. माफी मागावी असं तू काही ठेवलंच नाहीस. आणि ज्या चवीसाठी माझी खानावळ तीस वर्षं उभी आहे ती चव तुलाही करता येत होती. पहिल्याच दिवशी आली होती. बायकोला सोसत नाही म्हटल्यावर तू ती सोडून दिलीस, आणि वर गावभर फिकं सूप पाजत, माझं "ठीक हाय" ऐकत हिंडलास. एकदाही म्हणाला नाहीस, की बश्या, मला येतं रे. मला हे जमलं नसतं. माझ्या हातून एवढी चव झाली असती तर मी स्टँडवर बोर्ड लावला असता.

मी वहिनींना म्हणालो, "ते भांडं कुठंय?"

परत आठ कांदे चिरले. तुझं काळं भांडं, बारीक गॅस. कांदा हलवत राहायचं, बस. काही धरत नाही, काही खरवडायचं नाही, वास म्हणावा असा वास नाही. हाताला सवय घाईची, तो सारखा आच वाढवायला जायचा, आणि खुर्चीतून वहिनी म्हणायच्या, "बारीक, भावजी. अजून बारीक." अर्ध्या तासाने माझे गुडघे बोलायला लागले. सहा सहा तास उभा राहणारा मी. पण खानावळीत एकाच ठिकाणी उभं राहायचं नसतं, हाका असतात, ताटं असतात, कुणाला ओरडायचं असतं. इथे फक्त कांदा आणि खुर्चीत बसलेली एक बाई. तू हे चार वर्षं केलंस. मधेच वहिनी तुझ्याशी बोलत असाव्यात तशा माझ्याशी बोलायला लागल्या, पाणी सुटलंय का मोटारीला, दळण आणायचंय. मग लक्षात आलं, तशा खिडकीकडे बघायला लागल्या. मी हलवत राहिलो. त्या वेळी मी रडलो, नाग्या. कांद्याच्या नावावर खपवायचं तर तो कांदा केव्हाच मऊ पडला होता. कमल पुढे झाली आणि तिने उलथनं मागितलं. मी दिलं नाही.

वहिनींनी पूर्ण वाटी खाल्ली. पावाचा तुकडा बुडवून तळ पुसला. "असंच असायचं," एवढंच म्हणाल्या. मी भांड्यातलं उरलेलं चमचाभर चाखलं. फिकं होतं. तुझं सूप फिकंच होतं, नाग्या, हे मी आजही म्हणणार. आता दर दोन दिवसांनी जाऊन करीन. ते मी वहिनींना सांगितलंय, आणि तू नाही म्हणायला आता येऊ शकत नाहीस.

आज खानावळ दुपारनंतर बंद ठेवली. घरी आलो. कमल तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "तुला काय करून घालू?"

तिने ताट बाजूला ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाय का?"

"न्हाई. सांग की. काय करू?"

तिने ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आमटीच करा. तिखट कमी टाका."

"कावून?"

"मला न्हाई सोसत एवढं. कवाच न्हाई सोसत."

"मग तीस वर्षं बोलली कावून न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?" ती म्हणाली, आणि परत तांदूळ निवडायला लागली.

तेव्हा आता घरच्या गॅसवर आमटी आहे. एकटीपुरती. लहान पातेल्यात इतकी कमी आमटी मी आयुष्यात पहिल्यांदा करतोय, पाण्याचा अंदाज दोनदा चुकला. आच बारीक ठेवलीय. हे तुला लिहिता लिहिता उठून उठून हलवतोय. आत्ताच चव घेतली. काय कमी आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते मी टाकणार नाही.